एल सिद : मध्ययुगीन स्पेनमधील एका सरदाराची वीरगाथा आणि ऐतिहासिक वास्तव

प्रास्ताविक

मध्ययुगीन युरोपातील वीरपुरुषांचा अभ्यास करताना इतिहासकारासमोर एक मूलभूत अडचण उभी राहते. ज्या व्यक्तीविषयी काव्ये, नाटके आणि लोककथा विपुल प्रमाणात उपलब्ध आहेत, तिच्याविषयी समकालीन कागदपत्रे मात्र मोजकीच सापडतात. शिवाय काव्यातील नायक वाचकाच्या मनात इतका दृढ झालेला असतो की, कागदपत्रांतील माणूस समोर आला तरी त्याची ओळख पटत नाही. बखर आणि अस्सल पत्र यांतील तफावतीवर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घालत आलेल्या मराठी अभ्यासकाला ही अडचण नवी नाही.

प्रस्तुत निबंधात स्पेनमधील कास्तील प्रांताचा सरदार रोद्रीगो दिआझ दे विवार, म्हणजेच 'एल सिद' (मृत्यू इ. स. १०९९), याच्या कीर्तीची अशी चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. रोद्रीगो होऊन गेला की नाही, हा आज वादाचा विषय राहिलेला नाही. १८०५ मध्ये मास्देउ या जेझुइट विद्वानाने त्याच्याविषयीच्या साऱ्या माहितीवर, किंबहुना त्याच्या अस्तित्वावरही, शंका घेतली होती. ती शंका पुढे टिकली नाही. प्रश्न वेगळाच आहे. ज्याने आपल्या आयुष्यातील उमेदीची काही वर्षे एका मुस्लिम राजाच्या पदरी सेनानी म्हणून घालवली, तो पुरुष मुस्लिमांविरुद्धच्या धर्मयुद्धाचा आदर्श कसा ठरला? आणि त्या आदर्शाची गरज कोणाला होती?

साधने आणि त्यांची विश्वसनीयता

रोद्रीगोविषयीच्या साधनांचे सामान्यतः चार वर्ग पडतात. पहिला वर्ग सनदांचा. दानपत्रे, विवाहप्रसंगीचे स्त्रीधनाचे पत्र, साक्षीदार म्हणून केलेल्या नोंदी असे हे कागद थोडे आणि रुक्ष आहेत. तथापि अमुक वर्षी अमुक माणूस अमुक दरबारात होता, एवढे सांगण्याचे त्यांचे सामर्थ्य मोठे आहे. दुसरा वर्ग लॅटिन लेखनाचा. त्यात 'हिस्टोरिया रोदेरिसी' हे गद्य चरित्र सर्वांत महत्त्वाचे होय. मेनेंदेझ पिदाल यांनी ते इ. स. १११० च्या सुमाराचे मानले. अलीकडील अनेक अभ्यासक ते बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ढकलतात. काळ कोणताही मानला तरी मोहिमांचा तपशील देताना हा ग्रंथकार जुन्या कागदांचा आधार घेतो, याविषयी फारसे दुमत नाही.

तिसरा वर्ग अरबी साधनांचा. व्हालेन्सियाचा रहिवासी इब्न अल्कामा (मृत्यू १११६) याने आपल्या शहराच्या पाडावाची हकीकत लिहिली होती. मूळ ग्रंथ नष्ट झाला. परंतु त्यातील मोठा भाग नंतरच्या अरबी इतिहासग्रंथांत, आणि विशेष म्हणजे तेराव्या शतकात राजा आल्फोन्सो दहावा याच्या आश्रयाने रचलेल्या कास्तिली इतिहासातही, अनुवादरूपाने उतरला आहे. दुसरा अरबी लेखक इब्न बस्साम. त्याने रोद्रीगोच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी सेव्हिय्ये येथे लेखन केले.

चौथा वर्ग काव्याचा. 'पोएमा दे मिओ सिद' हे सुमारे ३७३० ओळींचे महाकाव्य एकाच हस्तलिखितात उपलब्ध असून ते माद्रिद येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. अखेरीस पेर अब्बात हे नाव आणि इ. स. १२०७ शी जुळणारे वर्ष आढळते. पेर अब्बात कवी होता की लेखनिक, हा वाद अद्याप मिटलेला नाही. काव्य आणि नायकाचा मृत्यू यांत सुमारे शतकाचे अंतर आहे, ही बाब मात्र विसरून चालणार नाही.

कागदपत्रांतील रोद्रीगो

रोद्रीगोचा जन्म १०४० च्या दशकात, बुर्गोसजवळील विवार येथे झाला असावा. राजा फर्नान्दो पहिला याचा पुत्र सान्चो याच्या पदरी तो वाढला. १०६३ मधील ग्राउस येथील लढाईत तो सान्चोबरोबर होता, असे 'हिस्टोरिया' सांगते. या लढाईत कास्तीलचे सैन्य सारागोसाच्या मुस्लिम राजाच्या बाजूने, आरागोनचा ख्रिस्ती राजा रामीरो पहिला याच्याविरुद्ध लढले आणि रामीरो मारला गेला. सारागोसाचा राजा कास्तीलला खंडणी देत असे. खंडणीच्या मोबदल्यात संरक्षण, असा तो व्यवहार होता. रोद्रीगोच्या लष्करी शिक्षणाचा आरंभ अशा रीतीने झाला, ही बाब पुढील सर्व विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

१०७२ मध्ये सामोरा शहराच्या वेढ्यात सान्चो दुसरा याचा विश्वासघाताने खून झाला आणि त्याचा हद्दपार भाऊ आल्फोन्सो सहावा सिंहासनावर आला. यानंतर रोद्रीगोचे काय झाले? दंतकथेचे उत्तर प्रसिद्ध आहे. बुर्गोसच्या सांता गादेआ चर्चमध्ये रोद्रीगोने नव्या राजाला बायबलवर हात ठेवून भावाच्या खुनात आपला हात नसल्याची शपथ घ्यायला लावली आणि राजाने तो अपमान आयुष्यभर मनात धरला. प्रसंग नाट्यपूर्ण आहे. प्रजेचा एक प्रामाणिक प्रतिनिधी सत्तेपुढे उभा राहतो, असे ते चित्र आहे. १९६१ च्या हॉलिवूड चित्रपटातही त्याला मध्यवर्ती स्थान मिळाले.

परंतु हा प्रसंग कोणत्याही समकालीन साधनात नाही. 'हिस्टोरिया' त्याविषयी मौन बाळगते. एवढेच नव्हे, तर नायकाचा कैवार घेणाऱ्या महाकाव्याच्या उपलब्ध भागातही त्याचा मागमूस नाही. शपथेचा उल्लेख प्रथम आढळतो तो तेराव्या शतकातील लूकास दे तुय आणि आर्चबिशप रोद्रीगो हिमेनेझ दे रादा यांच्या इतिहासांत, म्हणजे घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. केवळ मौनावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, हे मान्य आहे. येथे मात्र मौनाच्या जोडीला विरोधी पुरावाही आहे. १०७२ नंतरच्या काही वर्षांत रोद्रीगो आल्फोन्सोच्या दरबारात नांदत होता. १०७५ मध्ये आस्तुरियास प्रांतात तो राजाच्या वतीने खटल्यांत न्यायाधीश म्हणून बसला. त्याच सुमारास त्याचा विवाह हिमेना हिच्याशी झाला आणि 'हिस्टोरिया' तिला राजाची नातलग म्हणते. ज्याने आपल्याला भर सभेत अपमानित केले त्याला राजा न्यायाधीश नेमतो आणि आपल्या कुळातील मुलगी देतो, हे संभवत नाही. दंतकथाकारांनी पुढील हद्दपारीचे कारण मागे नेऊन शोधले, एवढेच म्हणता येते.

हद्दपारीचे खरे कारण बरेच कमी उदात्त होते. १०७९ च्या सुमारास रोद्रीगो सेव्हिय्येच्या राजाकडून खंडणी वसूल करण्यासाठी गेला असता ग्रानादाच्या फौजेशी त्याची काब्रा येथे लढाई झाली. त्या फौजेत आल्फोन्सोचेच काही ख्रिस्ती सरदार होते आणि त्यांत गार्सिया ओर्दोन्येझ हा वजनदार उमराव होता. रोद्रीगोने त्याला कैद केले. दरबारात शत्रू निर्माण झाला तो असा. त्यानंतर १०८१ मध्ये त्याने राजाज्ञेशिवाय तोलेदोच्या मुलखावर धाड घातली. तोलेदोचा राजा त्या वेळी आल्फोन्सोच्या संरक्षणाखाली होता आणि त्या शहराबाबत राजाची नाजूक बोलणी व डावपेच चालू होते. अशा वेळी आपल्या सरदाराने केलेली परस्पर मुलूखगिरी कोणता राजा सहन करील?

सारागोसाची नोकरी : काव्याने गाळलेली वर्षे

हद्दपार रोद्रीगोने प्रथम बार्सेलोनाच्या काउंटांकडे आश्रय शोधला. तेथे जमले नाही, तेव्हा तो सारागोसाला गेला. तेथील बनू हूद घराण्याच्या राजांनी, म्हणजे मुक्तदिर, त्याचा मुलगा मुतामिन आणि नातू मुस्तईन यांनी, त्याला पदरी ठेवले. १०८२ मध्ये आल्मेनार येथे त्याने बार्सेलोनाचा ख्रिस्ती काउंट बेरेंगेर रामोन याला पकडले. १०८४ मध्ये आरागोनचा ख्रिस्ती राजा सान्चो रामीरेझ याचा पराभव केला. दोन्ही विजय मुस्लिम धन्यासाठी होते आणि दोन्ही वेळी विरुद्ध पक्षातही मुस्लिम राजा होताच. मुतामिनचा भाऊ, लेरिदाचा मुंधिर, हा त्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा मित्र होता. दोन भावांच्या भांडणात दोन्हीकडून ख्रिस्ती तलवारी भाड्याने उतरल्या, असे या युद्धाचे स्वरूप होते.

महाकाव्यात ही वर्षे नाहीत. कवीने नायकाला हद्दपारीनंतर जवळजवळ थेट व्हालेन्सियाच्या वाटेला लावले आहे. मोलिनाचा मुस्लिम सरदार अवेंगाल्वोन हा नायकाचा मित्र म्हणून काव्यात येतो व तो फार सहानुभूतीने रंगवलेला आहे. पण नायक मुस्लिमांचा चाकर होता, हे कवीला सांगवत नाही. तेराव्या शतकाच्या उंबरठ्यावर वातावरण बदलले होते. ११९५ मध्ये आलार्कोस येथे कास्तीलचा दारुण पराभव झाला होता आणि १२१२ ची लास नावास दे तोलोसाची लढाई जवळ येत होती. सीमेवर सैनिक हवे होते. लुटीची वाटणी कशी होते, पायदळातला माणूस घोडेस्वार कसा बनतो, हे काव्य ज्या बारकाईने सांगते, त्यामागे ही निकड असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे व ते पटण्यासारखे आहे.

अकराव्या शतकाच्या दृष्टीने पाहता रोद्रीगोची नोकरी हा काही कलंक नव्हता. कोर्दोबाची खिलाफत १०३१ मध्ये संपुष्टात आल्यानंतर मुस्लिम स्पेनचे अनेक छोट्या राज्यांत तुकडे झाले. त्या राज्यांकडे पैसा होता, उत्तरेतील ख्रिस्ती राज्यांकडे सैनिक होते. स्वतः आल्फोन्सो सहावा हा हद्दपारीच्या काळात तोलेदोच्या मुस्लिम राजाच्या आश्रयाला राहिला होता. रोद्रीगोने राजाचाच कित्ता गिरवला, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

'सिद' ही पदवीही याच संमिश्र जगाची खूण होय. 'स्वामी' या अर्थाच्या अरबी 'सय्यद', 'सय्यिदी' या शब्दापासून ती आली. जंजिऱ्याच्या इतिहासामुळे आपल्या परिचयाचा असलेला 'सिद्दी' हा शब्दही त्याच मुळापासून आला असे सामान्यतः मानले जाते. रोद्रीगोच्या हयातीत मात्र लॅटिन व अरबी या दोन्ही भाषांत त्याची ओळख 'काम्पेआदोर', म्हणजे रणधुरंधर, अशी दिसते. 'सिद' हे नाव लेखनात प्रथम आढळते ते इ. स. ११४७ नंतर लवकरच रचलेल्या आल्मेरियाच्या विजयकाव्यात.

व्हालेन्सिया

१०८६ मध्ये उत्तर आफ्रिकेतील मुराबित सत्ताधीश युसूफ इब्न ताशफीन याने साग्राहास येथे आल्फोन्सोचा पराभव केला. त्यानंतर राजाने रोद्रीगोला परत जवळ केले. पण १०८८ च्या अखेरीस आलेदो किल्ल्याच्या मदतीला जाताना राजाच्या व त्याच्या फौजेची गाठ पडली नाही आणि राजाने राजद्रोहाचा ठपका ठेवून त्याला पुन्हा हद्दपार केले. हिमेना व मुले काही काळ कैदेत पडली. रोद्रीगोने आपल्या निरपराधित्वासाठी शपथांचे चार मसुदे सादर केले आणि 'हिस्टोरिया'ने ते उतरवून घेतले आहेत. शपथ द्यायला आतुर असलेला सरदार आणि ती ऐकून न घेणारा राजा, असा हा प्रसंग आहे. सांता गादेआच्या कथेत हेच चित्र उलटे झाले असावे काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. अर्थात त्याला अनुमानापलीकडे किंमत देता येणार नाही.

यापुढे रोद्रीगो कोणाचाच चाकर राहिला नाही. १०९० मध्ये तेवार येथे त्याने बेरेंगेर रामोनला दुसऱ्यांदा पकडले आणि पूर्व किनाऱ्यावर खंडणी वसूल करणारी स्वतंत्र सत्ता उभी केली. १०९२ मध्ये त्याने गार्सिया ओर्दोन्येझच्या अखत्यारीतील ला रिओखा हा ख्रिस्ती प्रदेश जाळपोळ करून उद्ध्वस्त केला. या कृत्याबद्दल 'हिस्टोरिया'चा लेखकही नापसंती लपवत नाही. मित्रपक्षाच्या लेखकाने दिलेली ही प्रतिकूल साक्ष असल्याने तिचे मोल अधिक आहे.

त्याच वर्षी व्हालेन्सियात बंड होऊन तेथील राजा कादिर मारला गेला आणि इब्न जह्हाफ हा काझी सत्तेवर आला. रोद्रीगोने शहराला वेढा दिला आणि जून १०९४ मध्ये ते शरण आले. इब्न अल्कामाने वेढ्यातील उपासमारीची हकीकत धान्याच्या चढत्या भावांसह दिली आहे. वीरकाव्यात भावांना स्थान नसते. शहराच्या पाडावाचे खरे माप मात्र त्या आकड्यांतच मिळते. शरणागतीनंतर रोद्रीगोने इब्न जह्हाफला जिवंत जाळले. मारल्या गेलेल्या राजाच्या खजिन्याचा ठावठिकाणा न सांगणे, हे त्यामागचे प्रमुख कारण अरबी लेखक देतात. या घटनेचाही महाकाव्यात उल्लेख नाही.

तथापि रोद्रीगोचा लष्करी पराक्रम हा केवळ कविकल्पनेचा खेळ नव्हता. ऑक्टोबर १०९४ मध्ये क्वार्ते येथे त्याने मुराबितांच्या मोठ्या सैन्याला उधळून लावले. ज्या सैन्यापुढे स्वतः आल्फोन्सो टिकला नव्हता, त्याचा स्पेनच्या भूमीवरील हा पहिला मोठा पराभव होता. १०९७ मध्ये आरागोनचा राजा पेद्रो पहिला याच्या साहाय्याने बैरेन येथे त्याने त्यांना पुन्हा मागे रेटले. इब्न बस्साम त्याला जुलमी आणि करारभंग करणारा ठरवून शिव्याशाप देतो. आणि त्याच लेखात त्याचे धैर्य, कर्तृत्व व चिकाटी ही ईश्वराच्या चमत्कारांपैकी एक असल्याची कबुलीही देतो. हा शत्रू अरबांच्या वीरकथा वाचून घेत असे व त्यांत रंगून जाई, अशीही माहिती तो पुरवतो. शत्रूच्या लेखणीतून उतरलेले हे गुणवर्णन शंभर वर्षांनंतरच्या काव्यापेक्षा अधिक बोलके आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रोद्रीगो १० जुलै १०९९ रोजी व्हालेन्सियात मरण पावला. पाचच दिवसांनी, १५ जुलैला, पहिल्या धर्मयुद्धातील सैन्याने जेरुसलेम जिंकले. हिमेनाने शहर ११०२ पर्यंत राखले. नंतर आल्फोन्सोने ते खाली करून जाळले आणि रोद्रीगोचे शव बुर्गोसजवळील सान पेद्रो दे कार्देन्या मठात आणले गेले.

मठ, रंगभूमी आणि राष्ट्र

दंतकथांचा एक मोठा झरा याच मठातून निघाला. मृत सिदला बाबिएका घोड्यावर बसवून रणांगणात नेले आणि त्या दर्शनानेच शत्रू पळाला, ही कथा तेथील आहे. त्याचे शव दहा वर्षे वेदीजवळ आसनावर न कुजता बसून होते, हीसुद्धा तेथीलच. प्रसिद्ध वीराची समाधी ज्या मठात आहे, तेथे यात्रेकरू व देणग्या येतात, हे उघड आहे. १२७२ मध्ये आल्फोन्सो दहाव्याने मठाला भेट देऊन समाधीला नवे रूप दिले.

काव्यातील मुलींच्या लग्नाची कथाही अशीच तपासून पाहावी लागते. एल्विरा आणि सोल यांना कारिओनचे उद्दाम राजपुत्र नवरे म्हणून मिळतात व कोर्पेसच्या रानात ते त्यांना मारहाण करून टाकून जातात. या लग्नांना व या घटनेला कसलाही आधार नाही. रोद्रीगोच्या मुलींची नावे क्रिस्तीना आणि मारिया अशी होती. क्रिस्तीनाचा मुलगा गार्सिया रामीरेझ ११३४ मध्ये नावाराचा राजा झाला आणि मारिया बार्सेलोनाच्या रामोन बेरेंगेर तिसरा याला दिली गेली. हे संबंध पुढे स्पेनच्या अनेक राजघराण्यांपर्यंत पोहोचले. नायकाला पूर्वज म्हणून मिरवणे राजांच्याही सोयीचे होते.

चौदाव्या शतकातील काव्याने तरुण रोद्रीगोकरवी हिमेनाच्या पित्याचा वध घडवून आणला. त्या कल्पित वधावर गिल्येन दे कास्त्रोचे नाटक आणि त्यावरून १६३७ मध्ये कॉर्नेयचे 'ल सिद' उभे राहिले. फ्रेंच साहित्याच्या अध्यापकांना परिचित असलेला हा नायक इतिहासापासून सर्वाधिक दूरचा होय.

आधुनिक काळात वादाला वेगळे वळण मिळाले. डच अरबीतज्ज्ञ दोझी याने इब्न बस्सामच्या मजकुराच्या आधारे १८४९ मध्ये सिदला भाडोत्री, क्रूर आणि धर्मभावनाशून्य ठरवले. १८९८ मध्ये क्यूबा व फिलिपिन्स हातचे गेल्यावर होआकीन कोस्ता याने सिदच्या थडग्याला दुहेरी कुलूप लावावे, असे देशबांधवांना सुचवले. जुन्या पराक्रमाच्या नशेतून देश बाहेर पडावा, हा त्याचा आशय होता. उलट रामोन मेनेंदेझ पिदाल यांनी १९२९ मध्ये 'ला एस्पान्या देल सिद' या ग्रंथात दोझीचे खंडन करून सिदला राजनिष्ठ, न्यायप्रिय आणि राष्ट्रैक्याचा पुरस्कर्ता म्हणून प्रतिष्ठित केले. त्यांची विद्वत्ता असामान्य होती व जमवलेली साधने आजही अपरिहार्य आहेत. परंतु काव्याला जवळजवळ इतिहासाचा दर्जा देणे आणि प्रत्येक संशयाचा फायदा नायकाला देणे, हे त्यांच्या पद्धतीतील दोष होते. पुढे १९३६ नंतरच्या यादवीत फ्रँकोच्या पक्षाने ही प्रतिमा उचलली. १९५५ मध्ये बुर्गोस येथे सिदच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण स्वतः फ्रँकोने केले. रिचर्ड फ्लेचर (१९८९) आणि दाविद पोर्रिनास गोन्झालेझ (२०१९) यांच्या ग्रंथांनी सिदला सीमेवरचा स्वयंभू युद्धनायक म्हणून पुन्हा त्याच्या काळात नेऊन बसवले. याचा अर्थ दंतकथेची बाजारपेठ बसली असा नव्हे. २००७ मध्ये कास्तील-लेओनच्या प्रादेशिक शासनाने सिदची म्हणून सांगितली जाणारी 'तिझोना' तलवार १६ लाख युरोंना खरेदी केली, ती तिच्या अस्सलपणाबद्दल तज्ज्ञांनी शंका घेतलेली असताना.

एक गोष्ट मात्र दोझीच्या अनुयायांनाही अडचणीची आहे. धर्मवीराची प्रतिमा सर्वस्वी उत्तरकालीन आहे, असे म्हणता येत नाही. १०९८ मध्ये रोद्रीगोने व्हालेन्सियाच्या मशिदीचे कॅथेड्रल करून फ्रेंच बिशप जेरोम याला इनाम दिले. त्या दानपत्राची प्रस्तावना, मुस्लिम सत्तेखाली ख्रिस्ती जनतेने सोसलेल्या मानहानीचा सूड घेण्यासाठी ईश्वराने उभा केलेला पुरुष, अशा शब्दांत दात्याचा गौरव करते. भाषा बिशपच्या धर्मपंडितांची आहे हे स्पष्ट दिसते. पण रोद्रीगोने ती मान्य केली. ज्याने सारागोसाच्या दरबारात उमेदीची वर्षे काढली, त्याला पन्नाशीच्या आसपास हे नवे वर्णन उपयुक्त वाटले असावे. जिंकलेल्या शहरात टिकायचे तर अधिष्ठान हवे होते आणि कास्तीलच्या राजाचे नाव त्याला घ्यायचे नव्हते. दानपत्रात आल्फोन्सोचा उल्लेख नाही. रोद्रीगोला तेथे 'प्रिन्सेप्स', म्हणजे अधिपती, म्हटले आहे. जेरोम पुढे सालामान्काचा बिशप झाला, त्यामुळे हे चर्मपत्र तेथील कॅथेड्रलच्या दप्तरात सुरक्षित राहिले. त्यावरील 'रुदेरिको' ही सही त्याच्याच हातची असल्याचे मानले जाते. अक्षर वळणदार नाही आणि लॅटिनही अशुद्ध आहे.